गंजिफांच्या पानांचा अर्थ

[१]

जुन्या वाड्यांतील पेट्या, कोनाडे व दप्तरांचीं गांठोडीं तपासतांना कागदपत्रांबरोबर कधीं कधीं लहान वाटोळीं पानें हातीं येतात. त्यांच्या एका बाजूस मासे, शंख, कमळें, तलवारी किंवा सिंहासनस्थ पुरुष रंगविलेले असतात. दुसरी बाजू एकरंगी व रोगणानें चकाकणारी असते. हीं गंजिफांचीं पानें होत. पूर्वीं तीं ओळखण्यास कोणास सांगावें लागत नसे. आज मात्र खेळ माहीत असलेलीं माणसें फार थोडीं उरलीं आहेत, आणि खेळ गेल्यामुळें पानें मुकीं झालीं आहेत.

आम्ही लोणी काळभोर येथून हें लिहीत आहों. पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावरील हें गांव वाहत्या मार्गावर असल्यामुळें जुन्या वस्तूंचे शोधक येथें नेहमीं येतात जातात. त्यांच्या बोलण्यांत अलीकडे एक समजूत वारंवार येऊं लागली आहे. गंजिफा म्हणजे आपल्याकडील 'टॅरो', आणि मत्स्याच्या पानाचा अमुक अर्थ, खड्गाच्या पानाचा तमुक अर्थ, अशी फलांची एखादी यादी कोठें तरी असलीच पाहिजे, ही ती समजूत. या समजुतीचा परिणाम केवळ बौद्धिक नाहीं. प्रत्येक पान स्वतंत्र अर्थाचें मानलें कीं संच फोडण्यास कोणाची हरकत राहत नाहीं. चित्र सुंदर असेल तें पान चौकटींत जातें, आणि 'नुसते ठिपके' असलेलीं पानें केरांत जातात. म्हणून पानाचा अर्थ कशांत असतो, हा प्रश्न संग्राहकांनीं नीट पाहण्यासारखा आहे. आमच्या मतें तो अर्थ एकट्या चित्रांत नाहीं. तो संचांतील त्या पानाच्या जागेंत आहे.

[२]

प्रथम टॅरोचाच विचार करूं. ज्याच्याशीं तुलना करावयाची त्याची हकीकत बहुधा ठाऊक नसते. टॅरो हा मूळचा खेळच होय. उत्तर इटलींत इ. स. १४४० च्या सुमारास त्याचे उल्लेख येऊं लागतात. पूर्ण संच अठ्याहत्तर पानांचा : प्याले, नाणीं, तलवारी व दंड या चार रंगांचीं प्रत्येकीं चौदा याप्रमाणें छप्पन, आणि त्यांवर मात करणारीं बावीस हुकुमाचीं चित्रपानें. या पानांस भविष्याचे ठराविक अर्थ जोडल्याचा पुरावा अठराव्या शतकापूर्वीं मिळत नाहीं. १७८१ सालीं पॅरिस येथें कूर द जेब्लां या ग्रंथकारानें हीं पानें प्राचीन मिसरी विद्येचा अवशेष असल्याचें प्रतिपादन केलें. त्यास आधार कांहीं नव्हता, परंतु मत लोकप्रिय झालें. थोड्याच वर्षांत 'एतेला' या टोपण नांवानें लिहिणाऱ्या गृहस्थानें पानांवरून भविष्य पाहण्याची पद्धत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. आज जो संच सर्वत्र दिसतो तो तर १९०९ सालीं लंडन येथें निघाला. वेट यांच्या योजनेप्रमाणें पामेला कोलमन स्मिथ यांनीं त्याचीं चित्रें काढलीं, आणि जेथें पूर्वीं नुसते पांच प्याले किंवा आठ तलवारी असत तेथें प्रसंगचित्रें आलीं.

तात्पर्य, टॅरोच्या पानांचे जे अर्थ आज सांगतात ते मूळ खेळावर तीन शतकांहून अधिक काळानें चढविलेले आहेत. म्हणजे 'गंजिफा हे आपले टॅरो' हें विधान खरें धरलें, तरी त्यावरून गंजिफांचा उपयोग भविष्याकडे होता असें निघत नाहीं.

दोहोंचें नातें मात्र आहे, आणि तें वेगळ्याच ठिकाणीं आहे. इस्तंबूल येथील तोपकापी राजवाड्यांत मिसरच्या मामलूक अमदानींतील हातानें रंगविलेला पानांचा एक संच आहे. तो मेयर या पंडितानें १९३९ सालीं विद्वानांपुढें मांडला. त्यांत प्याले, नाणीं, तलवारी व चेंडूफळीचे दांडे असे चार रंग असून, दहा अंकी पानांवर मलिक, नायब व दुसरा नायब अशीं तीन पानें आहेत. युरोपांत पानांचा प्रवेश झाला तेव्हां इटलींत त्यांस याच शब्दावरून नांव पडलें. फ्लॉरेन्स शहरानें १३७७ सालीं ज्या नव्या खेळास बंदी केली त्याचें नांव हेंच होय. 'नायब' हा शब्द आपल्या वाचकांस दप्तरांतून रोज भेटतो. राजा व त्याच्या हाताखालचा कारभारी, ही जोडी इटलीच्या पानांच्याही मुळाशीं आहे, आणि आपल्या गंजिफांतील राजा व प्रधान हेही त्याच कल्पनेचे.

[३]

हिंदुस्थानांतील गंजिफांचा जुना व निश्चित उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रांत आहे. १५२७ सालीं त्यानें सिंधचा शाह हसन यास त्याच्या आवडीवरून गंजिफा पाठविल्या. त्याच शतकांत इराणी कवि अहली शिराझी (मृत्यु १५३५) यानें आठ रंगांच्या शहाण्णव पानांवर एकेक रुबाई रचली आहे. प्रत्येक पानास एक कविता, असें असूनही तीं फलश्रुतीचीं वाक्यें नव्हत. काव्याच्या निमित्तानें पानाचें नांव व दर्जा गुंफलेला आहे. पुढें अबुल फजलानें 'आईन-इ-अकबरी'त बारा रंगांच्या गंजिफेचें वर्णन केलें. त्यांतील अश्वपति, गजपति, नरपति हीं रंगांचीं नांवें ताम्रपट व बखरी वाचणारांस परकीं वाटणार नाहींत.

सामान्य प्रचारांत आली ती आठ रंगांची शहाण्णव पानांची 'मोगली' गंजिफा. तिचे रंग असे : ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. प्रत्येक रंगांत एक ते दहा अंकांचीं दहा पानें, एक राजा व एक वजीर अथवा प्रधान, मिळून बारा. ताज म्हणजे मुकुट. सफेद म्हणजे रुप्याचें नाणें, व सुर्ख म्हणजे सोन्याचें. शमशेर तलवार, गुलाम चाकरवर्ग, चंग हें तंतुवाद्य, किमाश म्हणजे कापडचोपड व जिन्नस. राहिला बरात. तो शब्द मराठी दप्तरांतील 'वरात' होय. लग्नाची वरात येथें अभिप्रेत नाहीं. महसुलावर किंवा खजिन्यावर रक्कम देण्याविषयीं जो लेखी हुकूम काढीत, ती ही वरात. म्हणून या रंगाच्या पानांवर कागदासारखी लांबट आकृति दिसते.

हे आठ रंग एकत्र पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ सहज उलगडतो. तो एका दरबाराचा आराखडा आहे : तख्त, टांकसाळ, शिलेखाना, चाकर, वाजंत्री, दफ्तर व जामदारखाना. अठरा कारखाने व बारा महाल यांच्या याद्या ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांस ही मांडणी ओळखीची वाटेल. प्रत्येक कारखान्यावर एक धनी व एक कारभारी, आणि त्याखालीं दहा पायऱ्या. पान हें त्या पायरीचें नांव आहे, याहून गूढ अर्थ त्यांत नाहीं.

[४]

महाराष्ट्रांत अधिक आवडीची झाली ती दशावतारी गंजिफा. तींत दहा अवतारांचे दहा रंग, म्हणून पानें एकशें वीस. दरबाराच्या जागीं देव आले, बाकी चौकट तीच राहिली. अंकी पानांवर अवताराची मूर्ति नसून त्याचें चिन्ह तितक्या वेळां काढलेलें असतें. तेव्हां चिन्हें ओळखणें हीच किल्ली. सामान्यतः तीं अशीं : मत्स्याचा मासा, कूर्माचें कांसव, वराहाचा शंख, नरसिंहाचें चक्र, वामनाचा कमंडलु, परशुरामाचा परशु, रामाचा बाण, कृष्णाची गाय, बुद्धाचें कमळ आणि कल्कीचें खड्ग. स्थलपरत्वें यांत फरक पडतो. ओरिसाकडील पानांत रामाचें चिन्ह म्हणून वानर येतो, आणि नवव्या जागीं जगन्नाथ असतो. म्हणून अपरिचित चिन्ह दिसल्यास पान निराळ्या खेळाचें न ठरवितां, प्रथम तें निराळ्या प्रांताचें आहे काय हें पहावें.

नवव्या अवताराविषयीं महाराष्ट्रांत विशेष सावध रहावें. आपल्याकडील जुन्या पंचांगांवर जीं दशावतारांचीं चित्रें छापीत, त्यांत बुद्धाच्या जागीं कटीवर कर ठेवलेली विठ्ठलाची मूर्ति येते. लोणी काळभोर हें देहूहून पंढरपुरास जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचें गांव; येथील कोणाही वारकऱ्यास ती मूर्ति दाखविली तर तो विठोबाच म्हणेल, आणि तें चूक नाहीं. परंतु गंजिफेच्या पानावर तशी मूर्ति आढळल्यास तिला दशावतारांबाहेरचें सुटें चित्र समजून वेगळें काढूं नये. बरोबर कमळांचीं पानें असल्यास ती त्या रंगाचा राजा समजावी.

राजा व प्रधान यांतील भेदही चित्रावरूनच कळतो. राजा सामान्यतः आसनावर किंवा मखरांत, सेवकांसह असतो. प्रधान पुष्कळदां घोड्यावर स्वार असतो, व त्याचा परिवार थोडा असतो. रंग कोणता हें ठरविण्यास मुख्य मूर्तीच्या जोडीनें कोपऱ्यांत किंवा हातांत काढलेलें चिन्ह पहावें.

[५]

आतां ज्यावांचून पानांचा अर्थ लागत नाहीं तो नियम सांगतों. सर्व रंगांत राजा श्रेष्ठ व त्याखालीं प्रधान, हें समान आहे. परंतु प्रधानाखालचा क्रम अर्ध्या रंगांत सुलटा व अर्ध्यांत उलटा असतो. दशावतारी खेळांत मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह व वामन या पहिल्या पांच रंगांत दश्शी मोठी. तिच्या खालीं नव्वी, आणि एक्का सर्वांत हलका. परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध व कल्की या पुढच्या पांचांत एक्का मोठा. त्याखालीं दुर्री, तिर्री, आणि दश्शी सर्वांत हलकी. मोगली संचांतही असेंच : ताज, सफेद, शमशेर व गुलाम या चार रंगांत दश्शी मोठी, तर चंग, सुर्ख, बरात व किमाश या चारांत एक्का मोठा.

एक उदाहरण घेऊं. दोन शंख असलेलें पान व दोन कमळें असलेलें पान शेजारीं ठेवलीं. कारागिरी सारखी, आकार सारखा, अंकही सारखाच. परंतु दोन शंख हें वराहाच्या रंगांतील शेवटून दुसरें, म्हणजे बहुधा हात गमावणारें पान. दोन कमळें हें मात्र राजा, प्रधान व एक्का यांच्या मागोमाग येणारें, आठ पानांवर मात करणारें पान. हा भेद पानावर कोठेंही लिहिलेला नाहीं. तो संचांतून व खेळांतूनच कळतो. सुट्या पानाच्या चित्राकडे कितीही वेळ पाहिलें तरी तो कळावयाचा नाहीं.

आणि येथेंच टॅरोशीं खरें नातें उघड होतें. युरोपांतील जुन्या टॅरो-खेळांतही तलवारी व दंड या दोन रंगांत दहा अंक मोठा, तर प्याले व नाणीं या दोन रंगांत एक मोठा, असा अर्धा उलटा क्रम होता. इतका चमत्कारिक नियम दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें सुचावा हें संभवत नाहीं. पूर्वेकडील एकाच जुन्या खेळाच्या या दोन शाखा असाव्यात, असें मानण्यास हा नियम चित्रांच्या कोणत्याही साम्यापेक्षां बळकट आधार देतो.

खेळण्याची रीत थोडक्यांत अशी. मोगली व दशावतारी दोन्ही खेळ आपल्याकडे तिघे जण खेळत. मोगली डावांत प्रत्येकास बत्तीस व दशावतारी डावांत चाळीस पानें येतात. बंगालमधील विष्णुपूर येथें दशावतारी खेळास पांच जण बसतात. हुकूम असा रंग नसतो. एका रंगाचें पान दुसऱ्या रंगास मारीत नाहीं. दिवसां डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्यानें उतारी करावयाची, आणि रात्रीं कृष्णाचा राजा असेल त्यानें. मोगली खेळांत हाच मान दिवसां सुर्खाचा व रात्रीं सफेदाचा. सोन्याचें नाणें म्हणजे सूर्य आणि रुप्याचें म्हणजे चंद्र, असा संकेत त्यांत आहे. सूर्यवंशी राम व चंद्रवंशी कृष्ण यांनीं त्यांची जागा किती नेमकी घेतली, हें पाहण्यासारखें आहे. गंजिफांत प्रतीकार्थ आहे तो असा, डावाच्या नियमांत गुंतलेला.

[६]

भविष्याचा भ्रम उत्पन्न करणारे दोन संच मात्र आहेत. एक नवग्रहांचा, नऊ रंगांचा व एकशें आठ पानांचा. दुसरा राशींचा, बारा रंगांचा व एकशें चव्वेचाळीस पानांचा. शनीचें किंवा वृश्चिकाचें सुटें पान सांपडलें तर तें ज्योतिषाचें साधन वाटणें स्वाभाविक आहे. परंतु तेथेंही प्रत्येक रंगांत दहा अंक, राजा व प्रधान हीच रचना असते. 'वृश्चिकाची सत्ती' या पानास कुंडलींत कांहीं स्थान नाहीं, डावांत आहे. पूर्ण संचाच्या संख्येस बारांनीं भागलें कीं रंगांची संख्या निघते, हें सूत्र लक्षांत ठेवावें : शहाण्णवास आठ, एकशें आठास नऊ, एकशें विसास दहा, एकशें चव्वेचाळिसास बारा.

मग आपल्या लोकांनीं प्रश्न पाहण्यास काय वापरलें? त्याचें वाङ्मय निराळें आहे, आणि हस्तलिखितांच्या संग्राहकांस तें वेगळें ओळखतां आलें पाहिजे. गर्गाच्या नांवावर चालणारी 'पाशककेवली' हें त्यांतील मुख्य. चार अंकांचा पासा तीनदां टाकून १११ पासून ४४४ पर्यंत जीं चौसष्ट त्रिकें होतात, त्या प्रत्येकाचें फल तींत दिलेलें असतें. हा प्रकार फार जुना आहे. १८९० सालीं मध्य आशियांत कुचा येथें सांपडलेल्या बोवर हस्तलिखितांतही अशा पाशक-प्रश्नांचे भाग आहेत. दुसरें रमल. एक किंवा दोन बिंदूंच्या चार ओळींनीं बनणाऱ्या सोळा आकृति हें त्याचें लक्षण. पोथीच्या पानावर तीन अंकांचीं त्रिकें दिसलीं तर पाशक, बिंदूंच्या चौपदरी आकृति दिसल्या तर रमल. या दोहोंपैकीं कोठेंही राजा, प्रधान व दहा पायऱ्या नाहींत. गंजिफांच्या डब्याशेजारीं अशी पोथी सांपडली म्हणून ती गंजिफांची टीका ठरत नाहीं.

[७]

पानें घडविण्याविषयीं थोडेंसें. श्रीमंतांकरितां हस्तिदंत, कांसवाची पाठ किंवा शिंप यांचीं पानें करीत. सामान्य पानें कागद किंवा कापड यांचे थर खळीनें चिकटवून, चिंचोक्याची खळ व खडू यांचा लेप देऊन, घोंटून, रंगवून वर लाखेचें रोगण देऊन होत. चौकटीची नक्षी व भरगच्च काम असलेल्या पानांस दरबारी कलम, व साध्या कामास बाजार कलम म्हणतात. महाराष्ट्रांत या कामाचें प्रसिद्ध ठिकाण सावंतवाडी, आणि कारागीर चितारी. तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकीर्दींत (१७५५ ते १८०३) तेलंगणाकडून आलेल्या ब्राह्मणांबरोबर ही कला तेथें आली, अशी परंपरा सांगतात. विसाव्या शतकांत छापील पत्त्यांपुढें हा धंदा जवळजवळ बुडाला. १९७० नंतर शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं वृद्ध चिताऱ्यांकडून ही विद्या समजून घेऊन राजवाड्यांतच काम पुन्हां सुरू केलें, म्हणून ती टिकली. मुंबईंत राहून या विषयाचा आयुष्यभर संग्रह व अभ्यास करणारे रूडॉल्फ फॉन लायडन (१९०८ ते १९८३) यांचें कार्यही येथें स्मरणीय आहे.

[८]

शेवटीं संग्राहकांस चार सूचना. पहिली, पानें सांपडलीं कीं तीं सर्व, फिकट व तुटकीं सुद्धां, एकत्र ठेवावीं; डबा व त्याचें झांकण हाही संचाचाच भाग समजावा. दुसरी, प्रथम पाठी पहाव्यात. पाठीचा रंग, व्यास व जाडी एक असल्यास पानें एका संचाचीं असण्याचा संभव मोठा. पाठ निराळी निघाल्यास हरवलेल्या पानाच्या जागीं नंतर भरती झाली असेल. ती भरतीही टाकूं नये, कारण संच वापरांत होता याचा तो पुरावा आहे. तिसरी, चिन्हाप्रमाणें रंग लावून बारा बारांच्या ओळी मांडाव्यात, व उणें पान कोणतें त्याची नोंद करावी. चौथी, पाणी लावून पानें पुसूं नयेत. आंतील खळ व खडू सुटतात.

अशा मांडणीनें एक गोष्ट हटकून घडते. एकशें विसांपैकीं सत्तरच पानें हातांत असलीं तरी उरलेल्या पन्नासांचीं नांवें सांगतां येतात. दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या संग्रहांत तशाच पाठीचीं कमळें किंवा बाण निघाले तर तुटलेला संच जुळण्याची आशा राहते. चौकटींत बसविलेल्या एकट्या पानास ती आशा नाहीं; त्याच्या पाठीवर डिंक बसतो, आणि तें कोणत्या डावांतलें होतें हें कायमचें बुजतें. ज्यांच्या संग्रहीं पांच दहा सुटीं पानें असतील त्यांनीं त्यांचें चिन्ह, अंक, व्यास व पाठीचा रंग एवढें टिपून ठेवावें व इतर संग्राहकांस कळवावें. पानांचा अर्थ जाणण्याचा याहून खात्रीचा मार्ग आम्हांस दिसत नाहीं.